सतराव्या पानावरचं अक्षर

मुंजाजीमामांना वाचून काही कळत नसे. लिहून कळत असे. वर्तमानपत्रातली एखादी बातमी कामाची वाटली की ते ती वहीत उतरवून काढत आणि मग म्हणत, "हां, आता समजलं काय म्हणायलेत ते." विजेच्या बिलामागची बारीक अक्षरातली सूचना, औषधाच्या पुडक्यातला कागद, रेशन दुकानावरचा फळा, सगळं त्यांच्या दोनशे पानी वहीत जायचं. त्यांच्या पत्नी गयाबाई, ज्यांना सगळी गल्ली मामी म्हणते, एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "मला बघायला आले तवा मात्र काय बी लिहून घेतलं न्हाई."

"तवा वही न्हवती जवळ," मामा मान वर न करता म्हणाले. "म्हणून तर घोटाळा झाला."

मामी हसल्या, मामा हसले नाहीत. ते पान पूर्ण करत होते.

ही सवय नोकरीतून आलेली. मुंजाजी खिल्लारे सेलूच्या कोर्टात नकला करायला लागले तेव्हा नकला हातानं होत. निकाल, जबाब, वाटणीपत्र, कुणाला काय हवं असेल ते बघून जसंच्या तसं उतरवायचं. मग एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं. याला ते रुजवात म्हणत. नकलेखाली दोन सह्या होत, एक लिहिणाऱ्याची आणि एक रुजवात घेणाऱ्याची. वर शिक्का: खरी नक्कल. पुढं टाइपरायटर आला, मग झेरॉक्स आलं, पण मामा यंत्रातून निघालेल्या कागदावरूनही बोट फिरवत. "मशीनला काय कळतंय," ते म्हणत. "ती जे दिसंल ते छापती. पान उलटं घातलं तरी छापती."

या कामाचा एक नियम त्यांनी जन्मभर पाळला. चूक झाली तर खोडायची नाही. वर पांढरा रंग लावायचा नाही, गिरवायचं नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा चुकलेला शब्द वाचता आला पाहिजे. वर बरोबर शब्द लिहायचा आणि शेजारी आपली छोटी सही करून तारीख टाकायची. वालूरच्या त्यांच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा मामांनी सवयीनं तीही लिहून काढली आणि त्यांच्या लक्षात आलं की तारीख रविवारची छापली आहे आणि वार शनिवार. तीनशे पत्रिका तयार होत्या. मामा दोन दिवस बसले आणि प्रत्येक पत्रिकेवर रेघ मारून वार दुरुस्त केला, शेजारी सही, तारीख. लग्नात लोक मुलीच्या बापाला विचारत होते, "काय हो, लग्न कोर्टात लागायलंय का?"

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी जे केलं ते केलं नसतं, असं लिहायचा मोह होतो. पण ते खरं नाही.

मी तेव्हा सेलूत एका घरकर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेत होतो. शाखा म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन टेबलं, थंड पाण्याचं एक यंत्र आणि भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र. माझं गाव वालूर. पाथरी, सेलू, मानवत या भागात मी कर्जाच्या फायली करायचो. मामांची नोकरी चार वर्षं उरली होती. रुळापलीकडं त्यांची जागा होती, तिच्यावर दोन खोल्या होत्या. त्या पाडून पक्कं घर बांधायचं होतं. कर्ज मंजूर झालं आणि मामा-मामी सह्या करायला आले. मामांच्या हातात पिशवी होती. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"हे काय, मामा?"

"उतरवून घेतो की. मग सही करतो."

करारनामा चाळीस पानांचा होता आणि इंग्रजीत. "मामा, साडेपाचला सिस्टिम बंद होते," मी म्हणालो. "आज नाही झालं तर पैसे पुढच्या महिन्यावर जातील. सगळ्यांचा करार सारखाच असतो."

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग मामींकडं. मामी म्हणाल्या, "करा की आता सही. सायेब काय परके हायेत का?"

मामांनी वही पिशवीत ठेवली आणि चाळीस पानांवर सह्या केल्या. न लिहिता केलेली ती त्यांच्या आयुष्यातली पहिली सही असावी. काही जागा मोकळ्या होत्या. मी म्हणालो, "त्या मी भरून घेतो."

सतराव्या पानावर कर्जाचा तपशील होता. त्यात एक चौकट होती, कर्ज कशासाठी. मी तिथं इंग्रजीत ‘बिझनेस’ लिहिलं. त्या महिन्यात व्यवसायासाठीच्या कर्जांचं आमचं टार्गेट दोन फायलींनी कमी पडत होतं. शाखेत सगळेच असं भरत. व्याजाचा दर मी तोच ठेवला, त्यामुळं कुणाचं काही बिघडत नाही अशी स्वतःची समजूत घातली. आता इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. बदलत्या व्याजाचं घरकर्ज माणसानं मुदतीआधी फेडलं तर त्याला दंड लावता येत नाही, असा नियामकाचा नियम आहे. व्यवसायासाठीचं कर्ज असेल तर तेव्हा लावता येत असे. लिहिताना मला हे आठवलंच नाही, असं म्हणायला आवडलं असतं. आठवलं होतं. मी मनात म्हणालो, पंधरा वर्षांचं कर्ज आधी फेडतंय कोण.

मामांनी फेडलं. निवृत्त होऊन हातात रक्कम आली त्याच महिन्यात ते आले. "डोक्यावर ठिवून झोप येत न्हाई," म्हणाले. मी हिशेबाचा कागद काढून दिला. त्यांनी उभ्या उभ्याच तो वहीत उतरवला आणि एका ओळीवर पेन थांबलं.

"ह्ये एकवीस हजार सातशे बारा कशाचे?"

"फोरक्लोजर चार्ज, मामा. मुदतीआधी बंद करताय ना. नियम आहे."

"कुठं लिवलाय?"

"करारात."

"मंग करार बघू द्या."

घराची कागदपत्रं कंपनीकडं अडकलेली होती, म्हणून त्यांनी आधी पैसे भरले. पावतीच्या मागं ‘हरकत राखून’ असं लिहून सही केली आणि त्याची पोच माझ्याकडून घेतली. मग करारासाठी अर्ज दिला. फाइल हेड ऑफिसला आहे, असं मी दोनदा सांगितलं. तिसऱ्या अर्जाला फाइल आणावी लागली. झेरॉक्स द्यायला वरून परवानगी येत नव्हती, पण शाखेत बसून बघायला हरकत नाही, असं मॅनेजर म्हणाले. त्यांना वाटलं, म्हातारा चाळीस इंग्रजी पानं चाळेल आणि कंटाळून जाईल.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मामा वही घेऊन आले आणि पाण्याच्या यंत्राशेजारच्या बाकावर बसले.

जिनिंगचा हंगाम होता. खिडकीतून कापसाचे पुंजके उडत आत येत होते, ते मामांच्या टोपीवर बसत. मामा एक एक अक्षर उतरवत होते. इंग्रजी त्यांना लिहिता चांगलं येई, समजे अर्धंमुर्धं. अडलेल्या शब्दाखाली ठिपका देत आणि घरी जाऊन शब्दकोश बघत. माझं टेबल बरोबर समोर होतं. पहिल्या दिवशी सात पानं झाली. दुसऱ्या दिवशी सात झाली. मला वाटायचं, उठावं, त्यांच्या शेजारी बसावं आणि सांगावं. मग फोन वाजायचा, मी उचलायचो. फोन वाजल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला ते सतराव्या पानावर आले.

छापील मजकूर त्यांनी आपल्या नेहमीच्या उभ्या अक्षरात उतरवला. मग चौकट आखली. आणि थांबले. चष्मा काढून पुसला, परत घातला. पान डोळ्यांजवळ नेलं. मग वहीत ठेवलेल्या, मी त्यांना लिहून दिलेल्या पोचपावतीकडं एकदा पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही. पेन थोडं तिरकं धरलं आणि तो शब्द लिहिला. नंतर मी ती वही पाहिली आहे. तो एक शब्द त्यांनी आपल्या अक्षरात लिहिलेला नाही. माझ्या अक्षरात लिहिला आहे, उजवीकडं झुकलेला, शेवटच्या अक्षराला माझी ती ओढलेली शेपूट. जसंच्या तसं म्हणजे काय, हे त्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

वही मिटून ते उठले. ग्लासभर पाणी प्याले. "येतो, सायेब," म्हणाले. "ऱ्हायलेली पानं उद्या. आज डोळं दुखायलेत."

बस, एवढंच. पुढं राहिलेली तेवीस पानंही त्यांनी उतरवली. त्या दिवसांत ते मला रोज "कसं काय, सायेब" म्हणत, रोज पाणी पीत आणि जाताना बाक जिथल्या तिथं सरकवून ठेवत.

मग अर्ज सुरू झाले. एक शाखेला, एक मुंबईच्या तक्रार अधिकाऱ्याला. मामांचे अर्ज वाचायला सुरेख असत. त्यात राग नसे, विशेषणं नसत. ‘सदर रकमेतून अर्जदाराने राहते घर बांधले असून अर्जदाराचा कोणताही व्यवसाय नाही, पूर्वी नव्हता, पुढेही करण्याचा विचार नाही.’ मुंबईहून दीड महिन्यानं उत्तर आलं. कर्जाचा हेतू व्यवसाय असा नोंदलेला आहे, पानावर आपली सही आहे, शुल्क योग्य आहे.

ते उत्तर घेऊन मामा शाखेत आले नाहीत. मला घरी बोलावलं. मी गेलो, कारण न जाण्याचं कारण सुचलं नाही. मामींनी चहा टाकला आणि मामांनी मला घर दाखवलं. पुढची खोली, बुद्धाची मूर्ती ठेवलेला कोनाडा, स्वयंपाकघरातला कडाप्पा, गच्चीवर जायचा जिना. "जिन्याला लय पैका गेला," मामा म्हणाले. "पन हिला गच्चीवर पापड वाळवायचे व्हते."

मामी चहा देताना म्हणाल्या, "सायेब, आता तुमीच सांगा. मपलं दुकान कुठंय?"

"दुकान?"

"मुंबईचे लोक म्हणायलेत की आमचा व्यवसाय हाय. मी चार वर्सं झाले ह्या घरात झाडू मारायले, मला कुठं गल्ला घावला न्हाई. ह्यांनी माल कुठं दडवून ठिवला काय की."

मी हसायचा प्रयत्न केला. मामा म्हणाले, "गप की. पाव्हणा माणूस."

"पाव्हणा कामून? सायबांनीच तर कागद केलते."

मामांनी विषय बदलला. त्यांनी ओळखलं होतं, आणि मामींना सांगितलं नव्हतं. मी चहा संपवला. मामा फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "पैशाचं जाऊ द्या. गेले तर गेले. छत्तीस वर्सं मी दुसऱ्याच्या कागदाखाली खरी नक्कल म्हणून सही केली. एक बी परत आली न्हाई. आन् मपल्या सोताच्या सहीच्या वर खोटं हाय, सायेब. ते मला खायलंय." मग म्हणाले, "नियामकाकडं अर्ज करायला मुदत हाय अजून. महिनाभर."

त्यांनी काही मागितलं नाही. महिनाभर आहे, एवढंच सांगितलं.

त्यातले बावीस दिवस मी घालवले. मुलाची फी, बायकोचं म्हणणं, मॅनेजरची नजर, ही कारणं इथं मांडता येतील. पण तेव्हाही ती मला पुरी पडत नव्हती. तेविसाव्या दिवशी मी एक पत्र लिहिलं आणि मामांकडं नेलं. ‘सतराव्या पानावरील नोंद अर्जदाराची सही झाल्यानंतर मी माझ्या हस्ताक्षरात अनवधानाने केली. कर्ज घरबांधणीसाठीच होते.’ खाली सही.

मामांनी पत्र घेतलं. वाचलं नाही. वही उघडली आणि उतरवायला लागले. मी समोर बसून राहिलो. एका शब्दावर पेन थांबलं.

"हितं तुमी ‘अनवधानानं’ लिवलंय."

"हो."

"अनवधानानं झालं का?"

आत मामी भांडी घासत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"न्हाई मामा," मी म्हणालो. "टार्गेट होतं. माहीत असून लिहिलं."

"मंग एक रेघ मारा," मामा म्हणाले आणि त्यांनी आपलं पेन माझ्यापुढं केलं. आवाजात राग नव्हता. पत्रिकेवरचा वार दुरुस्त करायचा असावा, असा आवाज. "खालचं दिसलं पायजे बरं का."

मी त्या शब्दावर रेघ मारली. वर ‘जाणूनबुजून’ लिहिलं. शेजारी छोटी सही केली, तारीख टाकली. रेघ वाकडी आली. मामांनी पत्र पुन्हा घेतलं, वाकडी रेघही वहीत वाकडी काढली. मग मला म्हणाले, "वाच आता मोठ्यानं. रुजवात घ्यायची." मी माझंच पत्र मोठ्यानं वाचलं आणि ते वहीवर बोट फिरवत राहिले. ‘जाणूनबुजून’ वाचलं तेव्हा आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मामी बाहेर आल्या. मला वाटलं, आता बोलतील, बोलावंच त्यांनी. "चहा टाकू का?" म्हणाल्या. मग आत जाता जाता, "साखर तेवढी ह्यांच्याच हातची घ्या. मपल्या हातनं आज जास्त पडंल का कमी, सांगता येत न्हाई."

त्या दिवसापासून मामांनी मला साहेब म्हणणं सोडलं. सतीश म्हणायला लागले, अरेतुरे करायला लागले. आधीच्या आदरापेक्षा मला ते जास्त झेपत होतं.

एक गोष्ट त्या दिवशी त्यांनी विचारली होती. पत्र पाकिटात घालताना म्हणाले, "ह्ये मपल्या एकट्याचंच का अजून कुणाचं बी हाय?" मी म्हणालो, "तुमचंच." एक चूक दुरुस्त करून दहा मिनिटं झाली नव्हती.

चार महिन्यांनी मामांच्या खात्यात सगळी रक्कम परत आली. कंपनीनं सोबत एक ओळीचं पत्र दिलं, त्यात हेतू ‘घरबांधणी’ असा दुरुस्त केल्याचं लिहिलं होतं. मामांनी ते पत्र दोनदा उतरवलं. मामींनी त्या पैशातून गच्चीवर पत्र्याची सावली करून घेतली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागल्या, "मपल्या दुकानाचा नफा हाय." मला कंपनीनं खुलासा मागितला, मग राजीनामा मागितला. आता मी एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. गाडी भरलेली किती, रिकामी किती, एवढंच लिहायचं असतं.

मामा एके दिवशी तिथं आले. कशाला आले ते सांगेनात. कापसाची गाडी काट्यावर चढताना बघत उभे राहिले. मीच बोललो. "मामा, अजून सात आहेत."

"माहीत हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"एकच केलं असतं तर तू येवढा वाळला नसता." मग म्हणाले, "नावं आठवतात का?"

आठवत होती. सगळी आठवत होती. तिघांनी दंड भरून कर्ज संपवलं होतं, चौघांचं चालू होतं. मामांनी तिथंच, काट्याच्या खोलीत, सात नावं वहीत लिहून घेतली. पुढच्या रविवारपासून आम्ही निघालो. एसटीनं जायचं, कुठं जीपनं. मी घरात जाऊन सांगायचं, मामांनी अर्ज लिहायचा. मानवतला एकानं मला ओसरीवरून हाकलून दिलं आणि मामांना मात्र पाणी दिलं. वालूरला एक बाई रडल्या, मग म्हणाल्या की अर्जात त्यांच्या नवऱ्याचं नाव पूर्ण लिहा, अर्धं नको. मामांनी पूर्ण लिहिलं. दंड भरलेल्यांपैकी एकाला पैसे परत मिळाले, दोघांचे अर्ज अजून चालू आहेत. प्रत्येक ठिकाणी मी जो शब्द आधी टाळला होता तो म्हणायचो, आणि प्रत्येक ठिकाणी तो म्हणताना तेवढाच जड जायचा.

पाचवं घर पाथरीला होतं. सहाव्या आणि सातव्या घरी मी एकटा गेलो, कारण पाथरीहून आल्यावर चौथ्या दिवशी मामांना छातीत कळ आली आणि परभणीच्या दवाखान्यात ते दोन दिवस राहिले, तिसऱ्या दिवशी गेले. मी पोचलो तेव्हा मामी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुज्यासाठी वही ठिवलीय. दोन ऱ्हायलेत म्हणले."

मला मात्र ते आठवतात पाथरीच्या त्या गल्लीत. दुपारची वेळ, कोपऱ्यावर प्रवासी जीपवाला ओरडत होता. तो माणूस, ज्याच्या कर्जावर मी तसंच लिहिलं होतं, माझ्या वयाचा होता, कापड शिवायचा. त्यानं दंडाचे पैसे बायकोच्या पाटल्या मोडून भरल्याचं मला ठाऊक होतं. मी दारासमोर उभा राहिलो आणि कडीला हात लावला नाही. मामा मागं समोरच्या ओट्यावर टेकले होते, चपला काढून पाय दुमडून. उन्हानं डोळे बारीक झाले होते. ओट्यावरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. अनोळखी माणूस बसलेला पाहून तिनं विचारलं, "कोणाकडं आलाव, बाबा?"

मी मागं वळून पाहिलं. मामांनी माझ्याकडं बोट केलं.

"मी न्हाई, माय. ह्यो आलाय," ते म्हणाले. "मी संगं हाय."

मी कडी वाजवली.